छोट्या प्रकाशनाची वेबसाइट नव्यानं बांधताना: आधी सूची, मग सजावट

छोट्या प्रकाशनाच्या वेबसाइटची दुरवस्था साधारण एकाच वाटेनं होते. आठ-दहा वर्षांपूर्वी कुणीतरी वर्डप्रेसवर (वेबसाइट चालवणाऱ्या मोफत प्रणालीवर) एक थीम, म्हणजे साइटच्या दिसण्याचा तयार साचा, बसवून दिलेली असते. पहिली चाळीस पुस्तकं नीट चढवलेली असतात, पुढची घाईघाईत, आणि अलीकडची फक्त फेसबुकवर. मोबाइलवर मुखपृष्ठं अर्धी कापलेली दिसतात, किमती मागच्या आवृत्तीच्या असतात. मग कधीतरी ‘साइट नवी करून घेऊ’ असं ठरतं आणि पहिली बैठक रंग आणि बॅनर यांवर खर्च होते.

रंग सगळ्यात शेवटी. आधी पुस्तकांची माहिती थीमच्या तावडीतून सोडवायची आणि अशा जागी ठेवायची की पुढच्या वेळी थीम बदलली तरी एका अक्षराला धक्का लागणार नाही. खालची सगळी पद्धत याच एका गोष्टीसाठी आहे. गोव्यात म्हापसा, फोंडा, मडगाव, साखळी, कुठंही बसून एक-दोन माणसं चालवतात, पन्नास ते दोनशे पुस्तकं आहेत, साधं शेअर्ड होस्टिंग (अनेक साइटना वाटून दिलेली भाड्याची सर्व्हरजागा) आहे, अशी प्रकाशन संस्था समोर धरून ती लिहिली आहे. ‘मुखपृष्ठ’ हा शब्द इथे फक्त पुस्तकाच्या मुखपृष्ठासाठी वापरला आहे. वेबसाइटच्या पहिल्या पानाला होमपेज म्हटलं आहे. कामातही हा भेद पाळा, नाहीतर डिझाइनर आणि प्रकाशक दोन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलत राहतात.

किल्ल्या कुणाकडे आहेत?

कामाला हात लावण्याआधी चार गोष्टी ताब्यात हव्यात: डोमेन, म्हणजे साइटचं नाव, ज्या खात्यात नोंदलं आहे त्याचा पासवर्ड, होस्टिंगचं कंट्रोल पॅनेल, वर्डप्रेसचं अ‍ॅडमिनिस्ट्रेटर खातं आणि डोमेनशी जोडलेला ईमेल. डोमेन पुष्कळदा ज्यानं साइट करून दिली त्याच्याच नावावर असतं. तो भला माणूस असला तरी ते आधी संस्थेच्या नावावर करून घ्या; नूतनीकरणाची सूचना त्याच्या जुन्या ईमेलवर जाते आणि डोमेन हातचं जातं.

नंतर पूर्ण बॅकअप. डेटाबेस आणि फायली, दोन्ही. अपड्राफ्टप्लससारखं प्लगिन (वर्डप्रेसला जोडायचा छोटा प्रोग्राम) चालेल, पण बॅकअपची प्रत त्याच सर्व्हरवर ठेवू नका. आणि तो बॅकअप दुसऱ्या जागी उलगडून साइट उभी राहते का ते प्रत्यक्ष पाहा. उलगडून न पाहिलेला बॅकअप धरून चालू नका.

होस्टिंगवर पीएचपीची (वर्डप्रेस ज्या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलं आहे तिची) आवृत्ती कोणती आहे तेही याच वेळी बघा. वर्डप्रेस आता ८.३ किंवा त्यापुढची आवृत्ती सुचवतं. जुनी थीम ८ च्या पुढे गेल्यावर पुष्कळदा पांढरं पान दाखवते, म्हणून आवृत्ती चालू साइटवर बदलायची नाही. नवी साइट मात्र सुरुवातीपासून नव्या आवृत्तीवरच उभी करायची.

तक्ता

या कामातला मोठा वेळ इथे जातो आणि जायलाच हवा. शंभर पुस्तकांचा तक्ता नीट करायला एका माणसाला दोन-तीन आठवडे लागतात, कारण अर्ध्या गोष्टी पुस्तक हातात घेऊन बघाव्या लागतात.

एका ओळीत एक पुस्तक. पहिल्या रकान्यात आपला स्वतःचा पुस्तक क्रमांक, जो पुन्हा कधीही बदलणार नाही. दुसऱ्यात जुन्या साइटवरच्या पोस्टचा आयडी (वर्डप्रेसनं तिला दिलेला क्रमांक), तिसऱ्यात जुना पूर्ण पत्ता. मग पुस्तकावर छापलंय तसं शीर्षक, रोमन लिपीतलं शीर्षक, लेखक, अनुवादक, संपादक, भाषा, लिपी, साहित्यप्रकार, आवृत्ती, वर्ष, पृष्ठसंख्या, आकार, बांधणी, वजन ग्रॅममध्ये, किंमत, आयएसबीएन, उपलब्धता, मुखपृष्ठाच्या फाइलचं नाव, मलपृष्ठावरचा मजकूर.

रोमन शीर्षकाचा रकाना वगळू नका. गोव्यातला वाचक मराठी पुस्तक शोधतानाही फोनवर रोमन अक्षरंच टंकतो. परदेशी गेलेल्या गोंयकाराच्या मुलांना तर तेवढंच येतं. गावांच्या नावांचा घोटाळा याहून मोठा: आपण साखळी, डिचोली, पेडणे लिहितो, नकाशावर आणि सरकारी पाटीवर त्यांचं पोर्तुगीज वळणाचं रोमन रूप असतं, जे उच्चारावरून कुणाला सुचणार नाही. गावाच्या इतिहासाचं पुस्तक असेल तर दोन्ही रूपं त्या रकान्यात घाला.

भाषा आणि लिपी वेगवेगळी नोंदवायची याचं कारणही गोव्याचंच आहे. एकाच यादीत मराठी पुस्तकं, देवनागरी कोकणी पुस्तकं आणि एखाददुसरं रोमी, म्हणजे रोमन लिपीतल्या, कोकणीतलं असू शकतं. ‘कोकणी’ एवढंच लिहिलं तर रोमी वाचणाऱ्याच्या हाती देवनागरी पुस्तक पडतं. अनेकांना इथे साइटच दोन-तीन भाषांत करावीशी वाटते. पुस्तकाची भाषा ही पुस्तकाची माहिती. साइटची भाषा ही वेगळी बाब. दोन माणसांच्या संस्थेला तीन भाषांतली पानं अद्ययावत ठेवणं झेपत नाही. साइट एका भाषेत ठेवा, इंग्रजीत एक परिचयाचं पान द्या आणि पुस्तकांना भाषेची गाळणी लावा.

नाट्यसंहिता छापत असाल तर तिच्यासाठी चार जादा रकाने हवेतच: पुरुषपात्रं, स्त्रीपात्रं, अंक आणि प्रयोगाचा अंदाजे वेळ. कार्तिकापासून गावोगावी जत्रा सुरू होतात, देवळासमोर नाटक बसवायचं असतं आणि मंडळाचा माणूस संहिता शोधतो ती ‘सात पुरुष, दोन स्त्रिया’ या हिशेबानं. त्याला लेखकाचं नाव नंतर लागतं. हे चार आकडे आणि ‘प्रयोगाच्या परवानगीसाठी संपर्क’ ही एक ओळ, एवढ्यानं साइटवरचं ते पान प्रत्यक्ष उपयोगाचं होतं. आज बहुतेक ठिकाणी हे आकडे परिचयाच्या परिच्छेदात कुठेतरी बुडालेले असतात किंवा नसतातच.

आता तक्ता भरताना काय बिघडतं ते.

एक्सेलमध्ये आयएसबीएन टाकला की तो तेरा आकड्यांचा अंक समजून ‘९.७८ गुणिले दहाचा बारावा घात’ अशा रूपात दाखवतो, आणि सीएसव्ही (स्वल्पविरामांनी तोडलेली साधी मजकूर-फाइल) करताना तसाच लिहून टाकतो. मूळ आकडे गेले. म्हणून तो रकाना भरण्याआधीच त्याचं स्वरूप ‘टेक्स्ट’ करा. सीएसव्ही जतन करताना ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हाच पर्याय निवडा. साधा सीएसव्ही निवडला तर सगळ्या देवनागरीची प्रश्नचिन्हं होतात. लिब्रेऑफिस कॅल्क जतन करताना एन्कोडिंग (अक्षरं साठवण्याची पद्धत) विचारतं, त्यामुळे या कामाला ते बरं.

२००७ च्या आधीच्या पुस्तकांवर दहा आकडी आयएसबीएन असतो. त्याच्या पुढे ९७८ जोडून तेरा आकडे होत नाहीत. शेवटचा तपासणी-अंक नव्यानं काढावा लागतो. ज्या पुस्तकाला आयएसबीएन नाही त्याचा रकाना रिकामा ठेवा, दुसऱ्या आवृत्तीचा किंवा दुसऱ्या पुस्तकाचा क्रमांक चिकटवू नका. नव्या पुस्तकांसाठी राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडून तो विनामूल्य मिळतो.

किंमत, पृष्ठसंख्या, वर्ष, वजन हे आकडे तक्त्यात इंग्रजी अंकांतच भरा. दिसायला मराठी अंक हवेत, आणि ते हवेतच, पण साठवणीत नकोत. पीएचपी आणि मायएसक्यूएल (वर्डप्रेसचा डेटाबेस) दोघांनाही मराठी अंकांतला ‘२५०’ हा आकडा वाटत नाही. त्याची किंमत शून्य धरली जाते. ‘किमतीनुसार लावा’ म्हटलं की सगळी पुस्तकं एकाच ढिगात येतात आणि खरेदीच्या टोपलीत टाकलेलं पुस्तक फुकट होतं. टेम्प्लेटमध्ये (पानाच्या साच्यात) छापताना दहा अंकांची अदलाबदल करणारी एक ओळ पुरते.

लेखकांची नावं एकाच पद्धतीनं. आद्याक्षरांमध्ये जागा सोडलेली, न सोडलेली आणि पूर्ण नाव, अशा तीन रूपांतून वर्डप्रेस तीन लेखक तयार करतं, आणि एकाची सात पुस्तकं तीन पानांवर वाटली जातात. पुस्तकावरचं रूप प्रमाण माना, जागा सोडायची की नाही ते एकदाच ठरवा आणि रकाना वर्णक्रमानं लावून डोळ्यांखालून घाला. जुळी नावं लगेच दिसतात.

जुना मजकूर आणि युनिकोड

मलपृष्ठाचा मजकूर, प्रस्तावना, नमुना प्रकरण हे सगळं डीटीपीवाल्याकडे पेजमेकर किंवा इनडिझाइनच्या फाइलीत, श्रीलिपी किंवा तसल्याच जुन्या फाँटात असतं. ते साइटवर डकवलं की रोमन अक्षरांचा चिखल दिसतो, कारण त्या फाँटात रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असतात. तो मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे सारख्या वाचल्या जाणाऱ्या प्रमाण संकेतात, बदलणारी साधनं आहेत, पण रूपांतर झालं म्हणजे काम झालं असं नाही. मुद्रितशोधन पुन्हा करावं लागतं. रफार एक अक्षर आधी किंवा नंतर बसतो, ऱ्हस्व वेलांटी जोडाक्षराच्या चुकीच्या भागावर चढते, ‘ॲ’ आणि ‘ऑ’ तुटतात, अवग्रह गायब होतो. नेमक्या याच चार-पाच जागा तपासल्या तरी बहुतेक चुका सापडतात.

एक चूक मात्र डोळ्यांना दिसतच नाही. ‘किनाऱ्यावर’ हा शब्द घ्या. त्यातला अर्धा र तीन प्रकारे टंकलेला असू शकतो: टिंब असलेला ‘ऱ’ आणि त्याला हलन्त, साधा र, नुक्ता (खालचं टिंब) आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि मागोमाग न दिसणारा जोडक. पडद्यावर तिन्ही सारखेच. संगणकाच्या लेखी हे तीन वेगळे शब्द. वाचकानं एका प्रकारे टंकलं आणि शीर्षक दुसऱ्या प्रकारचं असलं की शोधात ‘काही सापडलं नाही’ येतं, पुस्तक समोर असूनही. किनाऱ्यावर, वाऱ्यावर, झऱ्याकाठी, दऱ्या. आपल्या पुस्तकांच्या शीर्षकांत हे अक्षर जागोजागी येतं. युनिकोडनं मराठीसाठी ‘ऱ’ आणि हलन्त ही जोडी प्रमाण मानली आहे. तक्त्यात शोधा-बदला करून बाकीचे दोन प्रकार तिकडे वळवा, आणि साइटवर पोस्ट जतन होताना व शोधशब्द येताना तीच अदलाबदल करणारा छोटा फिल्टर बसवा. पाच-सहा ओळींचं काम आहे.

जुन्या वर्डप्रेस साइटचा डेटाबेस हलवताना देवनागरी बिघडली तर बिघाड कोणत्या जातीचा आहे ते आधी ओळखा. रोमन ‘ए’वर उलटी रेघ असलेल्या अक्षरांची रांग दिसत असेल तर मजकूर शाबूत आहे, फक्त चुकीच्या एन्कोडिंगनं वाचला जातोय, जोडणीची मांडणी सुधारून तो परत मिळतो. नुसती प्रश्नचिन्हं दिसत असतील तर त्या प्रतीतला मजकूर बहुधा गेला. तिथे दुरुस्ती करत बसू नका, बॅकअपकडे परत जा आणि पुन्हा निर्यात करा. नवा डेटाबेस ‘यूटीएफ८एमबी४’ असाच तयार करायचा.

वर्डप्रेसमधली रचना

पुस्तक ही पोस्ट नव्हे आणि पानही नव्हे. त्यासाठी ‘पुस्तक’ हा स्वतंत्र पोस्ट टाइप, म्हणजे नोंदीचा वेगळा प्रकार, करा, आणि लेखक, भाषा, लिपी, साहित्यप्रकार, मालिका या टॅक्सॉनॉमी, म्हणजे वर्गीकरणाच्या याद्या. किंमत, पृष्ठं, आयएसबीएन वगैरे कस्टम फील्डमध्ये, म्हणजे आपण नेमलेल्या रकान्यांत. अ‍ॅडव्हान्स्ड कस्टम फील्ड्स किंवा सिक्युअर कस्टम फील्ड्स, या दोन प्लगिनांपैकी एकच घ्या. दोन्हींतून पोस्ट टाइपही नोंदता येतो.

हा पोस्ट टाइप थीमच्या फायलींमध्ये नोंदवू देऊ नका. पुष्कळ तयार थीम ‘बुक’ नावाचा पोस्ट टाइप घेऊनच येतात आणि तो बघून हायसं वाटतं. पण थीम बदलली त्या दिवशी सगळी पुस्तकं डॅशबोर्डवरून नाहीशी होतात. डेटाबेसमध्ये ती असतात, दाखवणारं कुणी नसतं. तेच पेज बिल्डरचं, म्हणजे पानाची मांडणी करून देणाऱ्या प्लगिनचं. बिल्डर काढला की पुष्कळदा मजकुराच्या जागी चौकटी कंसांतले शॉर्टकोड उरतात. ट्वेंटी ट्वेंटी-फाइव्हसारखी साधी ब्लॉक थीम आणि एका पुस्तकासाठी एक टेम्प्लेट, एवढ्यात छोट्या प्रकाशनाचं काम सुंदर होतं.

जुन्या साइटवर पुस्तकं साध्या पोस्ट म्हणून असतील तर ती पुन्हा टंकू नका. पोस्ट टाइप स्विचर या प्लगिननं प्रकार बदला. आयडी तोच राहतो. मग तक्त्यातली स्वच्छ माहिती डब्ल्यूपी ऑल इम्पोर्टनं त्याच आयडीवर ओता. आधी पाच ओळींची चाचणी, नंतर पंचवीस-तीसच्या खेपा. पावसाळ्यात दुपारी वीज गेली किंवा नेट तुटलं तर आयात अर्ध्यात थांबते. ओळख म्हणून तो आयडी (साइटवर आधी नसलेल्या पुस्तकांसाठी आपला पुस्तक क्रमांक) दिलेला असेल तर तीच खेप पुन्हा चालवली तरी दुहेरी नोंदी होत नाहीत. शीर्षक ओळख म्हणून दिलं तर दुसरी आवृत्ती पहिलीला खाऊन टाकते.

नव्या पोस्ट टाइपची पानं सुरुवातीला ‘सापडत नाही’ दाखवतात. घाबरू नका, सेटिंग्जमधल्या पर्मालिंक (पानांच्या पत्त्यांची रचना) पानावर जाऊन काहीही न बदलता एकदा ‘सेव्ह’ दाबा.

पत्त्यातल्या नावाबद्दल, म्हणजे स्लगबद्दल, आमचं मत ठाम आहे: तो रोमन अक्षरांत आणि आखूड ठेवा. देवनागरीबद्दलच्या प्रेमात कमतरता म्हणून नव्हे. वर्डप्रेस स्लगसाठी २०० जागा देतं आणि देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह, म्हणजे अक्षर, काना, वेलांटी, हलन्त, सगळं सुटं मोजून, पत्त्यात नऊ जागा खातं. समजा शीर्षक आहे ‘गोमंतकातील लोकनाट्याची परंपरा’. पहिल्या शब्दात दहा चिन्हं, म्हणजे नव्वद जागा. दुसऱ्यात अकरा, म्हणजे नव्याण्णव. मधल्या दोन आडव्या रेघा धरून १९१ झाल्या. उरल्या नऊ. त्यात ‘परंपरा’मधला फक्त ‘प’ मावतो. स्लग झाला ‘गोमंतकातील-लोकनाट्याची-प’. शिवाय हाच पत्ता व्हॉट्सॲपवर डकवला की पुष्कळदा टक्केचिन्हांची दोन-तीन ओळींची माळ होते, आणि ती बघून माणूस दुव्याला हात लावत नाही. रोमन शीर्षकाचा रकाना इथेही कामी येतो. आयात करतानाच त्यातून स्लग भरा.

वर्णक्रमाची एक अडचण आधीच सांगून ठेवतो. मराठी वर्णमालेत क्ष आणि ज्ञ शेवटी येतात. डेटाबेस त्यांना क आणि ज यांच्याखाली लावतो. अवतरणचिन्हानं सुरू होणारं शीर्षक सगळ्यांच्या डोक्यावर बसतं. यादी शंभरच्या आत असेल तर सोडून द्या. मोठी असेल तर ‘क्रमासाठी शीर्षक’ असं वेगळं फील्ड ठेवा.

अक्षर

सेटिंग्जमध्ये साइटची भाषा ‘मराठी’ करा. त्यानं मेनू मराठीत येतो हा छोटा फायदा. मोठा फायदा असा की पानाच्या भाषेची खूण ‘एमआर’ होते आणि ज्या फाँटात मराठी वळणाचे ल आणि श दिलेले आहेत तो फाँट ती रूपं आपोआप दाखवतो. खूण हिंदीची किंवा इंग्रजीची राहिली तर मराठी पुस्तकाच्या पानावर हिंदी वळणाचा ल दिसतो. वाचकाला नेमकं काय खटकतंय ते सांगता येत नाही, पण खटकतं. कोकणी मजकुराच्या भागाला ‘केओके’ ही खूण द्या.

मजकुरासाठी टिरो देवनागरी मराठी किंवा नोटो सेरिफ देवनागरी, मेनूसाठी मुक्त. तिन्ही मोफत आहेत. फाइल ‘वॉफ२’ या वेबसाठीच्या स्वरूपात स्वतःच्याच सर्व्हरवर ठेवा आणि दोनपेक्षा जास्त वजनं (अक्षरांच्या जाडीचे प्रकार) घेऊ नका. देवनागरी फाँट जोडाक्षरांमुळे रोमनपेक्षा बराच जड असतो, आणि काणकोण-सत्तरीच्या डोंगराआड ते जाणवतं. मजकुराचा आकार मोबाइलवर १८ पिक्सेल, ओळींतलं अंतर १.७ च्या आसपास. तयार थीम रोमनसाठी १.४ वगैरे देतात. तिथे वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला टेकतो.

शीर्षकांवर अक्षरांमधलं अंतर वाढवणारी आज्ञा थीममध्ये असेल तर ती शून्य करा. त्यानं शिरोरेषा तुटते आणि ‘गोवा’चे दोन तुकडे होतात. सगळ्या अक्षरांना मोठ्या लिपीत करणारी आज्ञा निरुपयोगी आहेच. परिच्छेदाचं पहिलं अक्षर मोठं करण्याचा मोह टाळा; ‘स्त्री’ किंवा ‘क्षितिज’नं परिच्छेद सुरू झाला की ते बहुधा चुकीच्या जागी तुटतं. दोन्ही कडा समान करू नका. मोबाइलच्या अरुंद रकान्यात लांब मराठी शब्दांमध्ये मोकळ्या जागांच्या नद्या वाहू लागतात.

मुखपृष्ठं

छापखान्याकडून येणारी फाइल तीन कारणांनी जशीच्या तशी चालत नाही. ती चार शाईंच्या रंगपद्धतीत असते, त्यामुळे ब्राउझरमध्ये लाल भगभगीत किंवा हिरवा मळका दिसतो. आधी ‘एसआरजीबी’ या पडद्यासाठीच्या रंगपद्धतीत बदला. दुसरं, ती मलपृष्ठ, कणा आणि मुखपृष्ठ अशी सलग असते, चहूबाजूंनी तीन मिलिमीटर ब्लीड (कापून टाकायची जादा कड) असतो. फक्त पुढचा भाग काटेकोर कापा. तिसरं, ती तीस-चाळीस एमबीची असते. लांब बाजू १५०० पिक्सेल, जेपेग, दर्जा ८० च्या आसपास, एवढं पुरतं. फाइलचं नाव रोमन अक्षरांत, पुस्तक क्रमांकासह. देवनागरी नावांच्या फायली झिप करून एका होस्टिंगवरून दुसऱ्यावर नेल्या की नावं मोडतात आणि सगळी चित्रं तुटलेली दिसतात.

वर्डप्रेसचा लघुप्रतिमेचा मूळ आकार १५० गुणिले १५० असा चौकोनी कापलेला असतो. उभ्या मुखपृष्ठाचं शीर्षक वरून आणि लेखकाचं नाव खालून त्यातच छाटलं जातं. सूचीसाठी ३०० रुंद आणि न कापलेला असा स्वतंत्र आकार नोंदवा आणि जुन्या चित्रांच्या प्रती पुन्हा तयार करून घ्या. फिकट मुखपृष्ठांना एक पिक्सेलची राखाडी कड द्या, नाहीतर पांढऱ्या पानावर पुस्तकाची कडच दिसत नाही. व्हॉट्सॲपवर दुवा पाठवल्यावर दिसणारं चित्र आडवं, १२०० गुणिले ६३० हवं. साध्या रंगाच्या पट्टीवर मधोमध मुखपृष्ठ ठेवून ते बनवा, ३०० केबीच्या आत.

विक्री

महिन्याला दहा-पंधरा मागण्या येत असतील तर वूकॉमर्सच्या (वर्डप्रेसवर ऑनलाइन दुकान उभं करणाऱ्या प्लगिनच्या) भानगडीत पडू नका. प्रत्येक पुस्तकाखाली ‘मागणी नोंदवा’ हे बटण, त्यातून पुस्तकाचं नाव आपोआप भरलेला व्हॉट्सॲप संदेश, आणि यूपीआय. मागण्या वाढल्या की वूकॉमर्स घ्या. छापील पुस्तकांवर जीएसटी शून्य आहे, तेव्हा कराची मांडणी बंदच ठेवा. फॉर्मवरून ईमेल येणार असेल तर तो होस्टिंगच्या साध्या मेलवर सोडू नका, एसएमटीपी (खऱ्या मेल-खात्यातून पाठवण्याची सोय) जोडा. नाहीतर मागणी स्पॅममध्ये पडते आणि ग्राहकाला वाटतं, यांनी दखलच घेतली नाही.

टपालखर्च वजनावर ठरतो, म्हणून तक्त्यात वजन घेतलं. १ मे २०२५ पासून टपाल खात्याची ज्ञान पोस्ट सेवा आहे: ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, ५ किलोपर्यंत १०० रुपये, कर वेगळा. पुस्तकावर मुद्रक किंवा प्रकाशकाचं नाव हवं. नियतकालिकं आणि जाहिरातींचा मजकूर त्यात बसत नाही, त्यामुळे दिवाळी अंकासाठी वेगळा दर लावा.

बदलाचा दिवस

नवी साइट उपडोमेनवर (मुख्य नावापुढे शब्द जोडून केलेल्या वेगळ्या पत्त्यावर), पासवर्डमागे उभी करा. तिथे ‘शोधयंत्रांनी या साइटची नोंद घेऊ नये’ ही सेटिंग्जमधल्या रीडिंग पानावरची खूण लावलेली असते. बदलाच्या दिवशी ती काढायला विसरणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. साइट उत्तम चालते, आणि दोन महिन्यांनी कळतं की गुगलवर ती कुठेच नाही.

उपडोमेनचा पत्ता बदलून मुख्य पत्ता करताना डेटाबेसवर थेट शोधा-बदला चालवू नका. वर्डप्रेस काही माहिती तिच्या लांबीसकट साठवतं. पत्त्याची लांबी बदलली आणि नोंदलेला आकडा तोच राहिला की विजेट आणि थीमची मांडणी कोऱ्या होतात. डब्ल्यूपी-सीएलआय हे आज्ञा टंकून चालवायचं साधन किंवा बेटर सर्च रिप्लेस हे प्लगिन लांबीसह बदल करतं.

होस्टिंग बदलत असाल तर आदल्या दिवशी डीएनएसचा (डोमेनला सर्व्हरशी जोडणाऱ्या नोंदींचा) टीटीएल, म्हणजे जुनी नोंद लक्षात ठेवण्याची मुदत, ३०० सेकंद करा, आणि सगळ्या नोंदींचं छायाचित्र घेऊन ठेवा. नेमसर्व्हर (या नोंदी सांभाळणारा सर्व्हर) बदलताना मेल कुठे पोचवायचा ते सांगणाऱ्या एमएक्स नोंदी मागे राहतात. साइट नवी दिसते आणि ऑफिसचा ईमेल गप्प होतो.

जुन्या पत्त्यांना ३०१ पुनर्निर्देशन, म्हणजे वाचकाला कायमचं नव्या पत्त्यावर नेणारी आज्ञा, द्या. तक्त्यात जुन्या पत्त्याशेजारी नव्या पत्त्याचा रकाना वाढवा; रिडायरेक्शन हे प्लगिन ते दोन रकाने सीएसव्हीतून थेट घेतं. ज्या पुस्तकाचं पान आता नाही त्याला होमपेजवर ढकलू नका. लेखकाच्या पानावर न्या. प्रकाशकासाठी सर्वांत महत्त्वाचे पत्ते कोणते, तर पुस्तकांवर छापलेले. मलपृष्ठावरचा वेबपत्ता, आतल्या पानावरचा क्यूआर कोड. ती पुस्तकं लोकांच्या कपाटांत, गावच्या वाचनालयांत, पणजीच्या मध्यवर्ती ग्रंथालयात बसली आहेत आणि त्यांतला पत्ता कुणी दुरुस्त करू शकत नाही. कपाटातून प्रत्येक पुस्तकाची एक प्रत काढा, छापलेला प्रत्येक पत्ता टंकून आणि प्रत्येक क्यूआर फोननं वाचून बघा.

दिवस निवडताना चवथीचा पंधरवडा सोडा. काही बिघडलं तर होस्टिंगवाल्यापासून डिझाइनरपर्यंत कुणी जागेवर नसतं. दिवाळी अंकाची धावपळ आणि जत्रांचा हंगाम, हेही नको. आषाढ बरा. मंगळवार-बुधवारची सकाळ घ्या, इन्व्हर्टर भरलेला ठेवा आणि मोबाइलचं दुसरं नेट हाताशी असू द्या.

त्यानंतरचे तीस दिवस रोज सकाळी रिडायरेक्शनमधली ‘४०४’ची, म्हणजे न सापडलेल्या पानांची, यादी उघडा. पहिल्या आठवड्यात तिथे विसरलेले जुने पत्ते दिसतात, त्यांना वाट द्या. यंत्रांनी (बॉटनी) उगाच चाचपलेले अनोळखी पत्तेही त्यात असतील, ते सोडून द्या. त्याच वेळी वर्डप्रेसच्या शोधपेटीत लोक काय टंकतात आणि रिकाम्या हातानं कुठून परततात ते नोंदवून ठेवा. तीच नावं रोमन शीर्षकाच्या रकान्यात जातात, आणि पुढच्या पुनर्मुद्रणाच्या यादीतही.